मागे राहिलेली नळी

१

काळुराम भोईर जाऊन सोळा दिवस झाले होते, आणि त्याच्या पोटाची काळी फिल्म खिडकीच्या काचेला लावून निशिगंधा तिच्याकडे बघत उभी होती. बाहेर पितृपक्षातलं मळभ. कोपरीच्या त्या गल्लीत उजेड आधीच बेताचा. फिल्मवरच्या बरगड्या अशा उमटल्या होत्या, जणू ओहोटीनंतर खाडीच्या चिखलात उरलेल्या जुन्या होडीच्या फळ्या. त्यांच्या खाली, उजव्या अंगाला, एक बारीक पांढरी रेघ मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत उतरत गेलेली. दोन्ही टोकांना वेटोळं, आणि वेटोळ्यांवर चुन्यासारखे थर.

ती रेघ कसली हे निशिगंधाला कुणी सांगायला नको होतं. सरकारी रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात तिने सिस्टर म्हणून एकतीस वर्षं काढली होती; म्हणूनच काळुरामच्या मुलाने तिला घरी बोलावलं होतं. मुतखडा काढल्यावर आतली वाट सुजून बुजू नये म्हणून डॉक्टर एक मऊ नळी ठेवतात. महिना-दीड महिन्याने ती काढायची असते. राहून गेली तर नळीवरच खडा धरतो, लघवी तुंबते, मूत्रपिंडात पू होतो आणि माणूस तापाने फणफणून जातो. काळुराम तसाच गेला होता. ठाण्यातल्या मोठ्या रुग्णालयात, तीन दिवसांत.

"आता हे वाचा," काळुरामचा मुलगा धनेश म्हणाला आणि त्याने दुसरा कागद पुढे केला. गेल्या वर्षी काळुरामचा खडा कल्याणच्या एका रुग्णालयात काढला होता, तिथल्या नोंदवहीची ती झेरॉक्स. काळुराम भोईर, वय चौसष्ट. डावी नळी काढली. तारीख गेल्या नवरात्रातल्या अष्टमीची. खाली भावना नावाच्या सिस्टरची सही.

म्हणजे कागद सांगत होता, नळी वर्षापूर्वी निघाली. आणि फिल्म सांगत होती, ती मरेपर्यंत आत होती. कागदावर डावी, फिल्मवर उजवी; बाजू लिहिताना चुकली असेल, असं तिने धरलं.

धनेश बोलत सुटला. तो तिथे फाइल मागायला गेलेला, तर सोमवारी या म्हणाले. सोमवारी गेला तर फाइल कपाटातून गायब. आता त्यांनी त्या सिस्टरला घरी बसवलंय, खोटी नोंद केली म्हणून. पण तो एकट्या सिस्टरवर थांबणार नव्हता, सगळ्यांना कोर्टात खेचणार होता.

मागच्या, पायऱ्यांखालच्या चाळीतली रंगूबाई चहा घेऊन आली. चाळ काळुरामचीच, चार खोल्यांची. रंगूबाई भाडेकरीण, एका गवंड्याची बायको, आणि कल्याणच्या त्याच रुग्णालयात मावशीचं काम करणारी. काळुरामला तिथे तिनेच नेलं होतं. काचेवरची फिल्म बघताच तिच्या हातातल्या कपबशा किणकिणल्या. दिवसच असे आहेत, निशिगंधाला वाटलं.

स्वयंपाकघराच्या दारात सखुबाई बसली होती, काळुरामची बायको. एके काळची धवलारीण, लग्नगीतं गाणारी. आगऱ्यांच्या लग्नात तिचा गळा लागल्याशिवाय हळद उतरायची नाही. सोळा दिवसांत तिच्या तोंडून चार शब्द निघाले असतील. तिच्यामागे, मोरीच्या कडेला एक काळपट टोप पालथा घातलेला होता, आणि देवघरात काळुरामच्या काढलेल्या खड्याची छोटी बाटली होती.

"सिस्टर, माना येकच सांग," ती म्हणाली. "मी त्याला हुलग्यांचा काढा दिला. दोन महिने दिला. डॉक्टरकडं नको बोलला, म्हनून दिला. त्या काढ्यानं जेला का यो?"

धनेशने मान वळवली. तिसऱ्या दिवशी संतापाच्या भरात हेच वाक्य त्याच्या तोंडून गेलं होतं, आणि आता ते परत घेता येत नव्हतं.

हुलग्याच्या पाण्याने कुणी मरत नाही, असं निशिगंधा चटकन म्हणू शकली असती. पण वॉर्डच्या दारात उभं राहून तिने आयुष्यभर असले दिलासे वाटले होते. तपासून न दिलेला दिलासा महिन्याभरात विटतो, हे तिला ठाऊक होतं.

"शोधून सांगते," ती म्हणाली.

२

भावना डोंबिवलीला दोन खोल्यांत राहायची. दार उघडताना तिचे डोळे सुजलेले होते. निशिगंधाने आपण कोण ते सांगितलं तेव्हा ती थोडी सैल झाली. एकाच कामाचे हात एकमेकींना ओळखतात.

तिने सांगितलं ते असं. दर शुक्रवारी डॉक्टर प्रफुल्ल ठाण्याहून येत, पण त्या अष्टमीला ते नव्हते, त्यांच्या हाताखालचे डॉक्टर होते. यादीत बारा जण होते. तिने नाव पुकारलं, माणूस उठून आला. काळुराम भोईर का, म्हणून विचारलं, त्याने मान हलवली. मोफत उपचारांच्या सरकारी योजनेच्या कार्डावरचा फोटो जुना नि धुरकट. बोटांचे ठसे यंत्राला उमटेनात. कष्टाच्या माणसांचे नाहीच उमटत, मग फोटोवर भागवतात. डॉक्टरांनी दुर्बीण घातली, डाव्या मूत्रवाहिनीच्या तोंडातून नळी बाहेर आलेली दिसली, ती ओढून काढली. पाच मिनिटांचं काम.

"मी खोटं लिहिलेलं नाही, ताई. ती नळी मी ह्या हातात धरलेली. माणूस घाबरलेला, म्हणून त्याचा हातसुद्धा मीच धरलेला. खरखरीत हात. नखांच्या कडेला पांढरं काहीतरी बसलेलं."

मीठ, निशिगंधाच्या मनात आलं. काळुरामचं तरुणपण मिठागरात गेलं होतं, कोपरीच्या जुन्या माणसांपैकी अर्ध्यांचं गेलं तसं. ती निघाली. जिन्यात तिला काहीतरी खुपलं, पण काय ते हाती लागेना.

फाइल कुणी नेली असेल, असं तिने निघताना दारातच विचारलं होतं. भावना म्हणाली, कपाटाला कुलूप नसतं. डॉक्टर, कारकून, सिस्टर, मावश्या, कुणाचाही हात पोचतो. पण ज्याला लपवायचंय त्याचाच पोचणार ना.

भावनाची नोंद खरी असेल, तर लपवण्यासारखं डॉक्टरांकडेच असणार. ते काय लपवत होते?

३

डॉक्टर प्रफुल्ल यांचा स्वतःचा दवाखाना टेंभी नाक्याजवळ होता. बाहेर देवीच्या मांडवाचे बांबू रोवायचं काम चाललेलं, ठोके आतपर्यंत येत होते. डॉक्टर पन्नाशीचे, खांद्यात वाकलेले. त्यांनी टाळाटाळ केली नाही. रुग्णालयाची फाइल गेली तरी त्यांची स्वतःची रोजनिशी होती. ती त्यांनी टेबलावर उघडून ठेवली.

निशिगंधाने वाचलं, आणि पुन्हा वाचलं.

काळुराम भोईर. श्रावणात डाव्या बाजूचा खडा काढला, नळी ठेवली. त्यानंतर बारा दिवसांनी, भाद्रपदात, उजव्या बाजूचा खडा काढला, नळी ठेवली.

"दोन शस्त्रक्रिया?"

दोन्ही बाजूंना खडे असणारे रोगी असतात, डॉक्टर म्हणाले. हिरव्या चादरीखाली माणसाचा चेहरा त्यांना दिसत नाही, दिसतो तो पडद्यावरचा खडा. अष्टमीला दोन्ही नळ्या काढायच्या होत्या. हाताखालच्या डॉक्टरांनी फोन करून सांगितलं की एकच दिसतेय, डावी. प्रफुल्ल तेव्हा एका वाढदिवसाच्या जेवणात होते. त्यांना वाटलं, उजवी मधल्या काळात कुणी काढली असेल.

"आणि तुम्ही फाइल बघितली नाहीत."

बाहेरचा ठोका थांबला होता. डॉक्टरांनी रोजनिशी मिटली. "नाही बघितली," ते म्हणाले. "एक साधा एक्स-रे काढला असता तरी कळलं असतं. हे मी कोर्टातही सांगेन."

खोटं बोलणारा माणूस स्वतःच्या गळ्याभोवती इतक्या सहज दोर घालून घेत नाही. फाइल ह्यांनी नेली नव्हती. तरी हिशेब जुळेना. उजवी नळी आत होती, तर दुर्बिणीतून बघणाऱ्याला ती दिसायलाच हवी होती. खालचं वेटोळं मूत्राशयात असतं, डाव्याच्या शेजारी. समोर पडलेली गोष्ट डॉक्टरला आणि भावनाला, दोघांनाही कशी दिसली नाही?

संध्याकाळी तिने धनेशला गाठलं. दोन शस्त्रक्रिया म्हणताच तो हसला, ते हसू काही बरं नव्हतं.

"काय पण. पप्पा एकदाच ॲडमिट झालेले, गौरी गेल्या त्या आठवड्यात. श्रावणात तर ते धडधाकट होते, माझ्यासोबत गिऱ्हाइकांना जागा दाखवायला फिरत होते."

"नळी काढायला कोण गेलं होतं त्यांच्याबरोबर?"

त्याला माहीत नव्हतं. नवरात्रात तो मंडळाच्या कामात होता. एवढंच आठवत होतं, की एकदा कल्याणहून फोन आलेला, त्यानेच उचललेला. नळी काढायला शुक्रवारी या, म्हणत होते. त्याने फोन बापाकडे दिला. बापाने ऐकून घेतलं, ठेवला आणि म्हणाला, यो माझा नाय.

"मला वाटलं राँग नंबर," धनेश म्हणाला. आणि मग, खालच्या आवाजात, "मी विचारायला पाहिजे होतं ना, सिस्टर?"

तिच्या डोक्यात ते तीन शब्द फिरत होते. यो माझा नाय. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या नंबरावर आलेला फोन माणूस आपला नाही का म्हणेल?

४

सर्वपित्रीच्या दुपारी सखुबाई पानावर घास ठेवून कावळ्याची वाट बघत अंगणात बसली होती. कावळा पलीकडच्या पत्र्यावर बसून होता, खाली येत नव्हता. निशिगंधा शेजारी टेकली. उद्या घट बसणार. ह्या घरात यंदा दुखवटा, घट नाहीत.

सखुबाई गुणगुणायला लागली. आवाज फाटका, पण त्या फाटक्यातूनही जुना पोत दिसत होता. दर वर्षी नवरा घटाशी बसला की ती त्याच्यावर ओवी बांधायची. ही गेल्या वर्षीची होती.

नऊ दिस नऊ राती, धनी घटाशी बसला
उंबऱ्याच्या पल्याड, त्याचा पाय नाय दिसला

निशिगंधा पुढे सरकली.

"सखुबाई, गेल्या वर्षी बसले होते ते? नऊ दिवस?"

बसले होते, सखुबाई म्हणाली. लग्न झाल्यापासून एक वर्ष चुकलं नव्हतं. घटापुढचा दिवा आणि तो, दोघं जागचे हलत नसत. एकदा मामा वारला तरी घरातून हात जोडले त्याने.

आणि अष्टमी ही आठवी माळ. त्या दिवशी सकाळी कल्याणच्या टेबलावर जो माणूस झोपला होता, तो काळुराम नव्हता.

मग जिन्यात खुपलेलं तिला एकदम सापडलं. काळुरामने मिठागर सोडून तीस वर्षं झाली होती. तीस वर्षं कुणाच्या नखांत मीठ राहत नाही. नखांच्या कडेला घट्ट बसून राहतं ते सिमेंट.

ती उठली. पत्र्यावरून कावळा उडाला, घास तसाच राहिला.

५

चाळीतल्या तिसऱ्या खोलीचं दार उघडंच होतं. रंगूबाई पाळीवर जायच्या तयारीत. तिचा नवरा धोंडीबा खाटेवर बसून भाकरीचा तुकडा चहात बुडवत होता. घाटावरून आलेला गवंडी, आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंतींना गिलावा करणारा. त्याचे हात बघून निशिगंधाला दुसरं काही बघायची गरज उरली नाही. तरी तिने बघितलं. भिंतीतल्या फळीवर खंडोबाचा टाक होता, आणि टाकाच्या शेजारी औषधाची असते तेवढी एक बाटली. आत वाटाण्याएवढा काळसर, खडबडीत खडा. काढलेला खडा रुग्णालय बाटलीत घालून घरी देतं आणि माणसं तो जपून ठेवतात, आल्यागेल्याला दाखवतात. पोटातलं दुःख हातात धरून बघता येणं ही काही रोज मिळणारी गोष्ट नाही.

बाटलीवर पट्टी होती. पट्टीवर नाव होतं: काळुराम भोईर.

"ही कुणाची?" निशिगंधाने हळूच विचारलं. "वरच्या देवघरात एक आहे. मग त्यांची दुसरी इथे कशी?"

धोंडीबाने चहा खाली ठेवला. रंगूबाई तिथेच भिंतीला पाठ लावून बसली.

"म्हनलं व्हतं मी ह्यास्नी, फेका ती बाटली," ती म्हणाली. "तर म्हनं, मालकाचं नाव हाय तिच्यावर, कशी फेकू."

मग सगळं बाहेर आलं. गेल्या श्रावणात धोंडीबा दुखण्याने जमिनीवर लोळत होता. कागदपत्रं गावाकडे, नावात घोळ, योजनेचं कार्ड निघेना. रंगूबाई रडत वर गेली. देवाच्या तसबिरीमागचं कार्ड तिच्या हातात पडलं, कुणाला बोलू नको ह्या अटीवर. धोंडीबा काळुराम होऊन भरती झाला. बारा दिवसांनी खुद्द काळुरामला कळ आली, आणि रंगूबाईने त्यालाही तिथेच नेलं, डॉक्टरांचा हात चांगला आहे म्हणून. खिडकीवर विचारलं, आता दुसऱ्या बाजूचा का? काळुरामने हो म्हटलं. नाही म्हणायची सोय कुठे होती.

रुग्णालयाच्या लेखी तो एकच माणूस, दोन बाजूंचा. आणि त्या माणसाचा नंबर काळुरामचा.

धोंडीबाच्या तपासणीचे, गोळ्यांचे, सगळे फोन काळुरामच्याच मोबाइलवर यायचे. निरोप वरून खाली यायचा. नवरात्रात आला तोही तसाच आला.

"आमास्नी वाटलं, मालकाला त्यांचा निराळा फोन येईल. ते बी त्याचीच वाट बघत ऱ्हायले असतील," धोंडीबा म्हणाला. बाटलीकडे न बघता. "मी गेलो, माझी काढून आलो. त्यांची ऱ्हायली हे ठावंच न्हाई, सिस्टर. देवाची आण."

निराळा फोन येणारच नव्हता. यादीत ओळ एकच होती, आणि तिच्यापुढे खूण झाली होती.

रंगूबाईने ट्रंक उघडली. लुगड्यांच्या खालून फाइल काढून तिने निशिगंधाच्या मांडीवर ठेवली. धनेशने फाइल मागितली त्या दिवशी तिला पहिल्यांदा कळलं होतं की मालक कशाने गेले. तिथपासून तिने अन्न टाकलं होतं, पण फाइलही उचलली होती. नवऱ्याला धरून नेतील, ही भीती मोठी होती.

"कार्ड काळुरामनेच दिलं?" निशिगंधाने विचारलं.

रंगूबाईने मान हलवली. नाही.

"सखुबाईनं दिलं. मालकाला मागनं सांगितलं."

६

चाळीपासून वरच्या घरापर्यंत अकरा पायऱ्या होत्या. निशिगंधा त्या फार सावकाश चढली. शोधून सांगते, असं तिने म्हटलं होतं. आता सांगायचं काय? काढा नव्हता, एवढंच सांगून थांबता आलं असतं. ते खरंही होतं. पण तिकडे भावना घरी बसली होती, आणि इथे अर्धं खरं ऐकलेली बाई उरलेलं अर्धं रोज रात्री स्वतःच शोधत बसली असती.

सखुबाई अंगणातच होती. पानावरचा घास मुंग्यांनी धरला होता. धनेश पायरीवर बसलेला. निशिगंधाने दोघांना सगळं सांगितलं, काही न गाळता, न चढवता. आधी काढ्याचं. नळीवर खडा धरला होता. दुखायला लागलं तेव्हाच डॉक्टरकडे नेलं असतं तर कदाचित वाचला असता. पण काढ्याने तो गेला नाही. मग दोन माणसं, दोन नळ्या, एक नाव, एक फोन.

धनेश उठून चाळीकडे निघाला. त्याच्या मुठी वळलेल्या होत्या.

"बस खाली," सखुबाई म्हणाली.

तो बसला. किती तरी दिवसांनी तिचा तो आवाज त्याने ऐकला होता.

मग बोलली ती निशिगंधाशी, पण डोळे पायऱ्यांवर होते. "फोन आला तवा तो घटाशी होता. माना बोलला, धोंडीबाचा निरोप हाय, जा सांगून ये. मीच जेली. ह्याच पायऱ्या उतरून. धोंडीबा, तुझी नली काढाचीय, सुक्रवारी जा. हसत बोलली मी. तो बरा झाला म्हनून बरा वाटलेला माना."

खाडीकडून आलेला वारा अंगणातून गेला, पानाची कड उचलली आणि खाली टाकली.

"फायल त्या पोरीच्या हातात दे, भावनाच्या," सखुबाई म्हणाली. "तिचा काय गुन्हा."

धोंडीबाचं नाव त्यात येईल, निशिगंधाने आठवण करून दिली. चौकशी होईल. कदाचित धरतीलही.

"येऊ दे. आन् कारड कुनी दिला त्या फायलीन् लिवलाय का? नसंल तर तू लिव. माझा नाव पयला लिव." मग धनेशकडे न बघता तिने आणखी सांगितलं, की कोर्टात त्या डॉक्टरला काय विचारायचं ते त्याने खुशाल विचारावं, पण चाळीतली तिसरी खोली कुणी रिकामी करून घ्यायची नाही. त्या खोलीतल्या माणसात तिच्या नवऱ्याचं नाव जिवंत राहिलं होतं. आता तेवढंच उरलं होतं.

पायऱ्यांच्या तळाशी रंगूबाई येऊन उभी होती. वर यायचा तिला धीर नव्हता. सखुबाईने तिला बोलावलं नाही. जा असंही म्हटलं नाही.

ती आत गेली. मोरीशी पालथा पडलेला काढ्याचा टोप तिने उचलला आणि राखेने घासायला घेतला. राखेच्या त्या खरखरीतून तिचा आवाज बाहेर आला. पहिली ओळ जुनीच होती. दुसरी तिने तिथेच, त्या टोपावर हात फिरवता फिरवता, बदलून घेतली.

नऊ दिस नऊ राती, धनी घटाशी बसला
निरोप त्याचा घेऊन, माझाच पाय उतरला